पाणी गोडं होईपर्यंत

वासूच्या घरची तार आली तेव्हा मी गिरणीत बाजरीचं दळण टाकत होते. ‘दत्तू बेपत्ता. बाकी सुखरूप. घाई करू नये.’ घाई करू नये असं कुणी कळवलं की माणूस घाईच करतं. पण घरची कामं, यजमानांचं आजारपण, दळणाची गर्दी यांत दिवाळीनंतरचे आठवडे निघून गेले आणि मी निघाले तेव्हा कोकणातल्या वादळाची बातमी जुनी झाली होती. रेडिओवर तर ती दोन ओळींत संपली होती.

वासू, म्हणजे वासंती, माझी धाकटी बहीण. आम्ही माणदेशातल्या, पावसाची वाट बघत वाढलेल्या. तिचे यजमान केशवराव आमच्याकडे प्राथमिक शाळेत गुरुजी म्हणून आले होते. लग्नानंतर बदली मागून ते आपल्या गावी गेले. रत्नागिरीच्या उत्तरेला, जयगडच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी समुद्राला चिकटून असलेलं ते गाव. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या कुणी हे वाचलं तर त्यांना ओळखू येईलच. इतरांनी त्या गावाकडे बोट दाखवावं असं त्यात काही नाही, तसली गावं सगळीकडे आहेत.

चिपळूण

बरोबर बाजरीचं पीठ, शेंगा, जुनी लुगडी आणि गुळाची एक ढेप घेतली होती. कुंभार्ली घाट उतरला आणि दमट हवेनं ढेपेला पाझर फुटला. चिपळूणच्या स्टँडवर बोचकं उघडून पाहिलं तर वरचं लुगडं गुळात भिजलेलं, आणि मुंग्यांनी वाट धरलेली. मी तिथेच हॉटेलच्या ओट्यावर पसारा मांडून बसले. हॉटेलवाल्यानं न मागता फडकं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं.

“खंय चाललाव?” त्यानं विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. त्याच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीवर एक मळकट रेघ होती. वाशिष्ठीचं पाणी इथवर येतं, ही चिपळूणच्या लोकांना नवलाईची गोष्ट नाही. ते रेघेवर कॅलेंडर टांगतात आणि धंदा पुढे सुरू करतात.

“आमचा पूर येतो नि जातो,” तो म्हणाला. “गाळ टाकतो, तो आमी काढतो. समुद्राचा तसा नाय. तो मीठ ठेवून जातो.”

मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नव्हता.

मांडवी

रत्नागिरीत मी मांडवीला केशवरावांच्या आत्याकडे उतरले. घर किनाऱ्यापासून चार पावलांवर. मी पहिल्यांदाच इतक्या जवळून समुद्र पाहत होते आणि मला तो मुळीच आवडला नाही. शांत होता, चकचकीत होता, जणू त्यानं काही केलंच नव्हतं.

आत्याबाईंनी कुळथाची पिठी आणि भात वाढला. वर तळलेला पापड. कोकणात येऊन ताटात मासळी नाही याचं मला आश्चर्य वाटलं, पण पाहुण्यानं तसं विचारू नये म्हणून मी गप्प होते. त्यांनाच ते कळलं.

“मासे आणत नाय हल्ली आमी,” त्या म्हणाल्या. “गेलेले सगळे अजून सापडले नायत ना. दत्तू पण नाय सापडला.”

माझा घास हातातच राहिला. दत्तू म्हणजे केशवरावांचा धाकटा भाऊ, वादळात समुद्रानं नेलेला. वासूच्या लग्नात त्यानं आमच्याकडच्या भाकरीला ‘चामडां’ म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याची राख असते, तिसरा दिवस असतो, दहावा असतो. इथे दत्तूच्या आईला दिवस कुठून मोजायचे हेही माहीत नव्हतं.

वरची वाडी आणि खालचं गाव

एसटी सड्यापर्यंतच जाते. सडा म्हणजे डोंगरावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, खाली गावात उतरते. उतरणीच्या तोंडाशी बौद्धांची वाडी आहे. तिला वरची वाडी म्हणतात. मी पोहोचले तेव्हा त्या वाडीच्या विहिरीवर बायकांची ही रांग लागलेली. रांगेत वासू उभी होती.

ती मला पाहून धावत आली नाही. रांगेतला नंबर जाईल म्हणून तिथूनच म्हणाली, “आक्का, आलीस? थांब हं, एवढा हंडा भरते.” तिचे केस राठ झाले होते आणि हाताला भेगा पडल्या होत्या. हंडा भरून झाल्यावर तिनं तो खाली ठेवला आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली.

विहिरीच्या काठावर एक उंच, काळीसावळी म्हातारी उभी राहून पोहऱ्याचा दोर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देत होती. सुंदराबाई तांबे. ही विहीर तिच्या नवऱ्यानं आणि वाडीतल्या चार पुरुषांनी जांभा फोडून खणलेली. खालच्या गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत, म्हणून. हे वासूनं मला पाखाडी उतरताना सांगितलं. वादळाचंही तेव्हाच सांगितलं.

संध्याकाळी समुद्र बांध ओलांडून आगरांत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांत, शिरला. लोक हाताला लागेल ते घेऊन वर पळाले. सड्यावर वारा उभं राहू देईना. तेव्हा सुंदराबाईचा मुलगा प्रकाश कंदील घेऊन पाखाडीवर आला आणि त्यानं सगळ्यांना त्यांच्या बुद्धविहारात नेलं. जांभ्या चिऱ्यांची ती एकच पक्की इमारत होती. सगळं गाव तिथे बसलं. सकाळी मुलं पाण्यासाठी रडायला लागली. पण विहिरीवर कुणी जाईना, कसं विचारायचं म्हणून. तेव्हा सुंदराबाईच म्हणाली, “पोरां तहानलेली हायत. इचारायचां काय त्यात? काढा नि प्या.”

“आणि सगळे प्यायले?” मी विचारलं.

“सगळे. आमच्या सासूबाई सोडून.”

खालचं गाव पाहून मला चिपळूणच्या त्या माणसाचं बोलणं आठवलं. घरं पडली होती ती पडली होतीच. काहींवर नवे वासे चढलेही होते, मुंबईहून रजा काढून आलेले पुरुष छपरांवर बसून कौलं लावत होते. पण माड उभेच्या उभे करपले होते. सुपारीची झाडं भाजल्यासारखी तांबूस झाली होती. कापून ठेवलेलं भात समुद्रानं भिजवलं होतं. वासूनं त्याच तांदळाचा भात केला, तो मीठ न घालताही खारट लागत होता. आणि गावची विहीर, आगराच्या कडेची, चिऱ्यांनी बांधलेली मोठी जुनी विहीर, काठोकाठ भरली होती. आमच्याकडे विहीर आटली की माणसं गाव सोडतात. इथे ती तुडुंब भरून होती आणि तिच्यातला घोटभरही पिता येत नव्हता.

वासूच्या सासूबाईंना मी मावशी म्हणते. त्या पडवीत समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. ओठ फुटलेले, पाय सुजलेले. शहाळी मिळाली तेवढे दिवस त्यांनी शहाळ्याच्या पाण्यावर काढले, आणि आता त्या गावच्या विहिरीचं खारं पाणी उकळून, फडक्यानं गाळून पीत होत्या.

“मावशी, असं पाणी पिऊन कसं चालेल?” मी म्हणाले.

“मेलंय थोडीच,” त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून विचारलं, “तुमच्या गावाकडे समुद्र नाय ना गो? बरां हाय.”

उपसा

एका बागवाल्यानं आपलं इंजिन गावाला वापरायला दिलं. बैलगाडीतून ते खाली आणताना पाखाडीला वळसा घालावा लागला, त्यात दिवस गेला. मग ते सुरू होईना. सुरू झालं तेव्हा त्याचा आवाज ऐकून बायका घरांतून बाहेर आल्या, जणू वाजंत्री आली.

पण नुसतं पाणी उपसून भागणार नव्हतं. वादळात विहिरीत झावळ्या, गाळ, एक मेलेली शेळी, काय काय पडलं होतं. पाणी खाली गेलं आणि वास वर आला. आत कोण उतरणार? काठावर गावातले धडधाकट पुरुष उभे होते. सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मग कुणीतरी वरच्या वाडीकडे हाक दिली.

प्रकाश आला. मुंबईची गिरणी बंद पडल्यापासून तो गावीच होता. बरोबर वाडीतले आणखी दोघे. त्यानं आत वाकून पाहिलं, शर्ट काढून केशवरावांच्या हातात दिला आणि कमरेला दोर बांधून उतरला. दिवसभर ते तिघे खालून टोपल्या भरत होते आणि वरचे ओढत होते. शेळी वर आली तेव्हा मी तोंड फिरवलं. प्रकाश बाहेर आला तो मानेपर्यंत चिखलानं काळा. त्याची बायको शोभा पाणी घेऊन उभी होती. वरून, त्यांच्या विहिरीतून आणलेलं. त्यानं तेवढ्याच पाण्यात तोंड धुतलं.

“झाली बगा साफ,” तो केशवरावांना म्हणाला. “आता नुसती उपसत ऱ्हावा.”

केशवरावांनी त्याला दोन्ही हातांनी शर्ट दिला. “फार मोठं काम केलंस, प्रकाश,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं, हे मला नीट सांगायला हवं.

त्यानंतर रोज उपसा. संध्याकाळपर्यंत विहीर रिकामी करायची, सकाळी नवं पाणी आलेलं असायचं. कुणीतरी पोहरा काढायचं, चार जण बोट बुडवून जिभेला लावायचे, आणि त्यांच्या तोंडाकडे सगळं गाव बघत राहायचं. खारं. दुसऱ्या दिवशी खारं. मग मचूळ. आरोग्य खात्याचा माणूस येऊन लाल औषध टाकून गेला. मी चार दिवसांसाठी आले होते ती राहत गेले. पाणी गोडं झालेलं पाहूनच जावं असं मला वाटत होतं. गावाचं काहीतरी नीट होताना पाहावं, एवढी एकच इच्छा त्या दिवसांत उरली होती.

वर मात्र सुंदराबाईची विहीर खाली खाली जात होती. एका वाडीपुरती खणलेली ती विहीर, तिच्यावर सगळ्या गावाचे हंडे. रांगेतल्या बायकांना दोर लांबवावा लागायला लागला. पाण्यात तांबडा गढूळपणा येऊ लागला. शोभा एकदा वासूला म्हणाली, “वयनी, तळ लागला वो आमच्या विहिरीचा.” तक्रारीच्या सुरात नव्हे. घरातलं तांदळाचं डबडं वाजायला लागलं की आपण म्हणतो तसं.

काठावर

ज्या सकाळी पाणी गोडं झालं त्या सकाळी पहिला पोहरा मावशींनी काढावा असं सगळ्यांनी ठरवलं. मुलगा गेलेली आई ती. त्या काठी टेकत आल्या. चूळ भरून टाकली, मग एक घोट तोंडात धरून ठेवला. गिळला.

“गोडां हाय,” त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसून हंबरडा फोडला. दत्तू गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, असं वासूनं मला सांगितलं होतं. त्यांना कुणी उठवलं नाही. सगळ्या बायका त्यांच्याभोवती बसून रडल्या, मीही.

मग विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा अजून माझ्या हातात होता, तेव्हा पाखाडीवरून वरच्या वाडीच्या बायका उतरताना दिसल्या. डोक्यावर हंडे, काखेत कळश्या. सुंदराबाई पुढे, मागे शोभा. त्यांच्या विहिरीतून त्या सकाळी नुसता चिखल वर आला होता.

प्रकाश तिथेच, परत पाठवण्याआधी तपासायला चालू केलेल्या इंजिनाजवळ, दोर गुंडाळत होता.

“थांबा, थांबा,” काठावरची एक बाई घाईघाईनं म्हणाली. “हंडे खाली ठेवा तिथंच. आमी वरून घालतो.”

वरून म्हणजे लांबून. त्यांनी कट्ट्याला शिवायचं नाही, यांनी त्यांच्या भांड्याला शिवायचं नाही, मधल्या मध्ये पाण्याची धार.

सुंदराबाई थांबली. हंडा डोक्यावरच होता.

“वरून?” ती म्हणाली. “आमी तुमाला वरून घातलां काय? तुमी आपल्या हातानं भरलांत. इतके दिस.”

“ता संकटातलां झालां,” कुणी पुरुष म्हणाला.

“मग आमचां आता संकटच हाय.”

सुंदराबाईनं केशवरावांकडे पाहिलं. “गुरुजी, माझा पोरगा ह्या विहिरीत उतरला तवा तुमी काठावर व्हतात. त्याचा शर्ट तुमच्या हातात व्हता. कायतरी सांगा.”

केशवरावांनी तोंड उघडलं. मग त्यांनी आईकडे पाहिलं. मावशी अजून जमिनीवरच होत्या, पदर डोळ्यांना लावून.

“दत्तू गेला,” मावशी म्हणाल्या. आवाज चिडका नव्हता, भीक मागितल्यासारखा होता. “घर गेलां, आगर गेलां. जां उरलाय ता ऱ्हाव दे, बाय. ता माज्या हातून नको घालवू.”

केशवरावांनी वाकून आईची काठी उचलली.

मला राहवलं नाही. “अहो, त्यांच्या विहिरीनं तुमची मुलं जगली,” मी म्हणाले. “तुमची विहीर त्यांनी साफ केली.” माझा आवाज मलाच परका वाटला.

“तुमी पावण्या,” मघाचाच पुरुष म्हणाला. “तुमी उद्या जाल.”

ते खरं होतं. मी दुसऱ्या दिवशी जाणारच होते.

“चला गो,” सुंदराबाई मागच्या बायकांना म्हणाली. रिकामे हंडे तसेच डोक्यावर ठेवून त्या वळल्या आणि पाखाडी चढू लागल्या. प्रकाशनं गुंडाळत आणलेला दोर जमिनीवर ठेवला, हात झटकले आणि त्यांच्या मागून गेला. इंजिन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. ते तसंच धडधडत राहिलं.

संध्याकाळी वासूनं गोड्या पाण्यात भात शिजवला. केशवराव दोन घास खाऊन उठले. मी काही विचारलं नव्हतं, तरी पडवीत येऊन म्हणाले, “आक्का, मला इथंच राहायचं आहे. शाळा इथंच आहे. उद्या माझ्यासमोर दोन्ही वाड्यांची मुलं बसतील.”

“मग त्यांना काय सांगाल?”

“धडा पुढचा घेईन,” ते म्हणाले.

सड्यावर

सकाळी माझं बोचकं हलकं झालं होतं. वासू मला एसटीपर्यंत पोहोचवायला निघाली. निघताना ती विहिरीवर गेली, हंडा भरला आणि डोक्यावर घेतला. मावशी पडवीतून पाहत होत्या. त्यांनी बसल्या जागी पाठ फिरवली.

भरला हंडा घेऊन ती पाखाडी चढायला सोपी नाही. वासू दोनदा थांबली. मी हात लावू म्हटलं तर नको म्हणाली.

वरच्या वाडीत सुंदराबाईच्या घरात शोभा एकटीच होती. बाकीच्या बायका सड्यापलीकडच्या झऱ्यावर गेल्या होत्या. तिथे जायचं म्हणजे उन्हातली लांब वाट, आणि पाणी करवंटीनं भरायचं. वासूनं हंडा उतरवून उंबऱ्याशी ठेवला. ओल्या पदरानं कपाळ पुसत ती म्हणाली, “शोभा, पाणी आणलंय.”

शोभानं हंड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे पुढे आली, हंडा उचलला, गोठ्यात गेली आणि दगडी डोणीत तो सगळाच्या सगळा ओतला. म्हैस प्यायला लागली. रिकामा हंडा आणून तिनं वासूपुढे ठेवला.

“म्हशीची सोय झाली,” ती म्हणाली.

मला वाटलं वासू आता वळेल. पण ती हंडा उचलून म्हणाली, “उद्या परत आणीन.”

“आणा,” शोभा म्हणाली. “म्हस रोज पिते.”

एसटी आली. मी खिडकीतून हात हलवला. वासूच्या एका हातात हंडा होता आणि दुसऱ्या हातानं तिनं डोळ्यांवरचं ऊन अडवलं होतं.

वासू शिमग्यानंतर माझ्याकडे माहेरपणाला आली. रात्रीची झोप येत नाही म्हणाली, समुद्राचा आवाज नसला की. गावाचं सगळं सांगितलं. घरं उभी राहिली, दोन होड्या नव्या आल्या, करपलेल्या माडांच्या जागी रोपं लावली. लोक मासे खायला लागले. दत्तूचं सगळं कार्य दर्भाची बाहुली करून उरकलं. गाव सावरलं, असं सगळे म्हणतात. आम्ही दोघी जात्यापाशी शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मी पाण्याचं विचारलं.

“वरची विहीर भरली गं पुन्हा,” ती म्हणाली. “आमचे हंडे बंद झाल्यावर हळूहळू झरे लागले तिला. मग मी नेणं थांबवलं.”

“तोवर रोज नेत होतीस?”

“रोज.”

“आणि मावशी?”

“पाठ करून बसायच्या.”

मग विचारलंच, “आणि शोभा?”

“दारातच घ्यायची हंडा. डोणीत ओतायची नि परत द्यायची.” वासूनं टरफलं सुपात गोळा केली. “एकदाही आत नेला नाही.”